शीतगृहाचा बिल्ला

आमच्या इमारतीत कोणी 'लाइट गेली' म्हटलं की चाचा चवताळायचे. "जाते कशी? तिला पाय हायेत का? कोणीतरी घालवली म्हनून गेली. कोणी घालवली ते बोला," असं म्हणत हातातलं काम टाकून त्या माणसासमोर उभे राहायचे. समोर वकीलसाहेब असोत की अभ्यासिकेतली एखादी पोरगी, उत्तर मिळाल्याशिवाय हलायचे नाहीत. लोकांना तो चक्रमपणा वाटायचा. मलाही वाटायचा. आता वाटत नाही, पण माझ्या आता वाटण्या-न वाटण्याने कोणाचं काय भलं होणार आहे?

ते बीडमधल्या एका चार मजली संकुलाचे वायरमन होते आणि मी तिथला इंजिनियर. म्हणजे पदविका माझ्याकडे आणि अक्कल त्यांच्याकडे, अशी वाटणी होती. तळघरात शीतगृह, वर पार्किंग आणि दुकानं, त्यावर ऑफिसं आणि एक दवाखाना, सगळ्यात वर स्पर्धा परीक्षावाल्यांची अभ्यासिका. मालक जिल्ह्याच्या राजकारणातले साहेब. त्यांचा पक्ष सांगत नाही. हे लिहून होईपर्यंत तो तोच राहील याची मला खात्री नाही.

इमारतीला वीज कंपनीने मंजूर केलेला भार मोजकाच होता. बांधताना हात आखडता घेतलेला, आणि पुढे लिफ्ट आली, ए.सी. आले, यंत्रं वाढत गेली. सगळं एकदम लागलं की मेन स्विच पडायचा आणि तळघरापासून गच्चीपर्यंत सगळे ठप्प. त्यावर चाचांनी बिल्ले काढले होते. जुन्या गिझरचा पत्रा कापून केलेले, खिळ्याने ठोकून त्यांवर नावं पाडलेली. पॅनल रूमच्या दारामागे ते लटकायचे. पाण्याची मोटर लावायची तर बिल्ला न्या, दवाखान्यातलं वाफेचं यंत्र लावायचं तर बिल्ला न्या, काम झालं की आणून लटकवा. खिळा रिकामा असेल तर दुसऱ्या कोणाची पाळी चालू आहे, गप बसून राहा. कालव्याच्या पाण्याची पाळी असते, तशी ही विजेची. एक बिल्ला मात्र खिळ्यावर कधी दिसायचा नाही. तो शीतगृहाचा. तो चाचांच्या शर्टाच्या खिशात असायचा, कारण शीतगृहाला पाळी नव्हती. ते कायम चालू.

त्या शीतगृहात नेकनूरकडच्या बायकांच्या बचत गटाचा सीताफळाचा गर असायचा. दिवाळीच्या आगेमागे डोंगरातली सीताफळं उतरली की त्या बायका दिवस दिवस बसून गर काढायच्या, बिया वेचायच्या, डबे भरून आमच्याकडे आणून ठेवायच्या आणि उन्हाळ्यात आइस्क्रीमवाल्यांना द्यायच्या. गारठ्यात गर पांढराशुभ्र राहतो. ऊब लागली की गुलाबी पडतो, कडवट होतो, आणि मग त्याला कोणी हात लावत नाही. गटाच्या प्रमुख काकू दर आठवड्याला एसटीने यायच्या, शीतगृहाच्या दाराला कान लावून आतली घरघर ऐकायच्या आणि चाचांना म्हणायच्या, "भाऊ, चालू हाय ना?" चाचा खिशातून बिल्ला काढून दाखवायचे. काकू निर्धास्त होऊन परतीची गाडी धरायच्या.

चाचांचं जगाचं गणित दोनच खान्यांचं होतं. भूक आणि हौस. कुठलंही नवं यंत्र आलं की विचारायचे, "हे भूक हाय का हौस?" शीतगृह भूक, दवाखाना भूक, पाणी भूक, अभ्यासिकेतले पंखे भूक. ए.सी. हौस, दुकानांवरच्या झगमगत्या पाट्या हौस. लिफ्टचं त्यांनी बरेच दिवस ठरवलं नव्हतं. मग एकदा दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्या पेशंटला तिच्या मुलाने जिन्याने पाठुंगळीवर वर नेलं, तेव्हा लिफ्ट भुकेत गेली.

माझ्या लग्नात तर त्यांनी कहर केला. लग्न आमच्या तलवाड्याला. आहेराचं पाकीट माझ्या हातात कोंबून हा माणूस गायब. थोड्या वेळाने मांडवावरच्या रोषणाईच्या माळा अर्ध्या विझल्या. मामा धावत मागे गेले तर चाचा जनरेटरजवळ उकिडवे बसलेले. "नवरदेवाला काय अंधारात बसवता का?" मामा ओरडले. चाचा शांतपणे म्हणाले, "पंखे भूक, माळा हौस. तुमचं जनरेटर खोकतंय, पाव्हणं." जेवणं होईपर्यंत पंखे चालले. मामा आजही ती गोष्ट चिडून सांगतात, आणि मी हसतो. हसू नये खरं तर.

विजेवरच्या स्कूटरी आल्या तेव्हा अभ्यासिकेतली मुलं पार्किंगमधल्या प्लगांवर तुटून पडली. चाचांनी दोन नवे बिल्ले कापले. एका वेळी दोन स्कूटरी, बास. साहेबांच्या मेव्हण्याने एकदा बिल्ल्याशिवाय गाडी लावली. चाचांनी फ्यूज काढून खिशात घातला आणि समोर स्टूल टाकून बसले. मेव्हणा म्हणाला, "मी कोण हाय माहीत हाय ना बे?" चाचा म्हणाले, "माहीत हाय. बिल्ला कुठं हाय?" व्यवस्थापकांनी येऊन दोघांना वेगळं केलं. हे व्यवस्थापक साहेबांच्या मर्जीतले गृहस्थ, इमारतीचा सगळा कारभार त्यांच्या हाती. त्या दिवसापासून चाचा त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागले.

मग साहेबांनी विजेवरची मोठी गाडी घेतली. लगोलग पार्किंगमध्ये चार चार्जर बसवायचं ठरलं, त्यातला एक जलद, साहेबांच्या गाडीसाठी. भार वाढवून मिळायला वेळ लागणार होता, म्हणून चार्जरच्या कंपनीने सुचवलं की इमारतीच्या विजेवर लक्ष ठेवणारी एक सिस्टिम बसवा आणि चार्जर तिला जोडा. कुठे किती वीज चालली आहे हे सिस्टिम क्षणोक्षणी बघणार, मर्यादा जवळ आली की चार्जरना हळू करणार, गरज पडली तर आपण दिलेल्या क्रमाने एकेक गोष्ट बंद करणार. मला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पुण्याला पाठवलं. मी परत आलो तो शर्ट खोचूनच.

मला वाटलं होतं म्हातारा तोंड वाकडं करील. पण चाचा लहान मुलासारखे हरखले. कंपनीच्या लोकांनी प्रत्येक मोठ्या तारेभोवती मोजमापाची कडी अडकवली, तेव्हा ते म्हणाले, "तारांना बांगड्या भरल्या की." दिवसभर त्यांच्या मागे मागे फिरून कुठली बांगडी कुठे बोलते ते विचारत होते.

तीन दिवस सिस्टिम काही धड चालेना. पडद्यावर भार अगदी कमी दिसायचा, चार्जर सुसाट चालायचे आणि मेन स्विच पडायचा. कंपनीचे लोक लॅपटॉप मांडून बसलेले, मी त्यांच्यात मान डोलावत. चाचांनी पॅनलच्या पत्र्याला उलटा हात लावला. टेस्टरवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता, हाताच्या पाठीवर होता. म्हणाले, "हे तापलंय, अन् तुमचं मशीन म्हणतंय ठंडं हाय. मशीन खोटं बोलतंय न्हाईतर त्याला कोणी खोटं सांगतंय." मग वीज कुठून कुठे जाते ते दाखवणारा प्रत्येक कडीवरचा बाण बोटाने तपासत गेले आणि एकीपाशी थांबले. "ही उलटी भरलीय." खरंच एक कडी उलटी बसली होती, त्यामुळे तिथला भार मिळवायच्या ऐवजी वजा होत होता. ती फिरवली आणि सगळं सुरळीत झालं.

अहवालात मी लिहिलं, 'सदर दोष मी शोधून काढला.' चाचांना मराठी वाचता येत होतं. पण माझे अहवाल ते वाचत नसत, त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

क्रम ठरवायची वेळ आली तेव्हा मात्र मी त्यांना शेजारी बसवलं, कारण मला काही सुचत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि अर्ध्या तासात सगळी इमारत सांगून टाकली. आधी चार्जर हळू करा, मग पाट्या बंद, मग दुसऱ्या मजल्याचे ए.सी., मग तिसऱ्याचे. दवाखाना दुपारी एकच्या आत बंद करायचा नाही. शीतगृह कधीच नाही. "अन् साहेबांचा चार्जर?" मी विचारलं. "तो पहिला हळू करायचा. साहेब थांबू शकतात, गर थांबत न्हाई." मी तसंच भरलं. मग त्यांनी प्रत्येक मजल्यावर जाऊन लोकांना सगळं एकदम लावायला सांगितलं आणि पळत खाली आले. पडद्यावर चार्जरचा आकडा आपोआप उतरला, पाट्या विझल्या, आणि तळघरातली घरघर चालूच राहिली. चाचा टाळी वाजवून हसले. "आता मेलो तरी चालतंय बेटा," म्हणाले. त्या आठवड्यात त्यांनी दारामागचे सगळे बिल्ले उतरवून एका डब्यात भरून ठेवले.

एप्रिलमध्ये साहेब तलवाड्याकडे कार्यक्रमाला निघाले आणि गाडीची बॅटरी अर्धवटच भरलेली. उन्हं वाढली होती, ए.सी. जोरात होते, सिस्टिमने चाचांच्या यादीबरहुकूम साहेबांचा चार्जर हळू केला होता. साहेबांना डिझेलच्या गाडीतून जावं लागलं. व्यवस्थापक माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाले, "साहेबांचा चार्जर बंद पडायचा न्हाई आन् हळूबी व्हायचा न्हाई. कळलं का?"

मी म्हटलं, "मग दुसरं मोठं काहीतरी बंद करावं लागंल."

"तळघरात काय हाय? सीताफळंच ना? बर्फासारखा डबा हाय तो. दोन तास बंद राहिला तर काय बिघडतंय?"

थोडा वेळ बंद राहिल्याने खरंच काही बिघडत नाही, हे मी पुण्यात शिकलो होतो. तेवढ्या अर्ध्या शिकवणीवर मी मान हलवली. साहेबांचा चार्जर वर नेला आणि शीतगृह सगळ्यात आधी बंद होणाऱ्या जागी आणून ठेवलं. तिथे शेजारी एक चौकट होती: किती वेळाने परत चालू करायचं. ती मी रिकामी सोडली. मला वाटलं, रिकामी म्हणजे भार उतरला की आपोआप. सिस्टिमच्या लेखी रिकामी म्हणजे कोणी येऊन चालू करीपर्यंत बंद. चाचांना यातलं मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भांडण झालं असतं, आणि मला भांडणाचा कंटाळा होता. भित्रेपणाला मी तेव्हा कंटाळा म्हणत होतो.

त्याच आठवड्यात चाचांच्या चकलांब्याच्या बहिणीकडे लग्न निघालं. इतक्या वर्षांत त्यांनी सलग दोन दिवस रजा घेतलेली मला आठवत नाही. घुटमळत होते. मीच म्हटलं, "जा की चाचा, आता सिस्टिम हाय." शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास त्यांनी पॅनल रूमला कुलूप लावलं, खिशातला शीतगृहाचा बिल्ला काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "सोमवारी परत दे." नवा पांढरा शर्ट घातला होता, त्याच्या घड्याही मोडल्या नव्हत्या.

ते फाटकाबाहेर गेले आणि साहेबांच्या मेळाव्याचे पाहुणे यायला लागले. दोन दिवसांचा मेळावा होता. चारही चार्जरवर गाड्या लागल्या, वर सगळे ए.सी. चालू. दहा वाजून काही मिनिटांनी सिस्टिमने मर्यादा बघितली, यादी बघितली आणि शीतगृह बंद केलं. माझ्या मोबाइलवर तसा संदेश आला असणार. असे संदेश दिवसाला इतके यायचे की मी त्यांचा आवाज बंद करून ठेवला होता. दोन दिवस मी बिल्ला खिशात घेऊन पार्किंगमध्ये पाहुण्यांच्या गाड्यांना चार्जर लावत उभा होतो. तळघरातली घरघर थांबली आहे हे मला जाणवलंसुद्धा नाही.

सोमवारी सकाळी काकू आल्या. दाराला कान लावला आणि तशाच उभ्या राहिल्या. मग दार उघडायला लावलं. पहिल्या डब्याचं झाकण काढलं तेव्हा गर गुलाबी झालेला होता, कडेने पाणी सुटलेलं. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि तिथेच पायरीवर बसल्या. रडल्या नाहीत. "गटातल्या बायांला काय सांगू मी?" एवढंच दोन-तीनदा म्हणाल्या.

दुपारी साहेबांच्या दालनात सगळ्यांना बोलावलं. चाचा चकलांब्याहून थेट आले होते, त्याच पांढऱ्या शर्टात. काकू कोपऱ्यात खुर्चीवर. व्यवस्थापकांनी मला विचारलं, "मशीन काय म्हणतंय?"

मशीन सगळं म्हणत होतं. सकाळी मी नोंद उघडून बघितली होती. शीतगृह क्रमाने बंद केलं, वेळ दहा वाजून आठ मिनिटं, आणि क्रम शेवटचा कोणी बदलला तिथे माझं नाव. व्यवस्थापकही ते जाणून होते. साहेब फोनमध्ये बघत होते.

"शनिवारी दहा वाजून आठ मिनिटांनी बंद झालंय," मी म्हणालो. "कोणी केलं ते दिसत न्हाई."

"दहा वाजता कुठं व्हता तुमी?" व्यवस्थापकांनी चाचांना विचारलं.

"पॅनल रूमला कुलूप लावत व्हतो."

"मग झालं की. लग्नाच्या घाईत जाताजाता स्विच पाडून गेले."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, वाट बघितल्यासारखं. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत राहिलो. काकू खुर्चीवरून म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या भरवशावर ठिवलं व्हतं हो." तेवढ्यावर चाचांची मान खाली गेली. साहेब म्हणाले, "काढून टाका, वय झालंय त्यांचं." चाचांनी कंबरेच्या किल्ल्या सोडून टेबलावर ठेवल्या आणि ते गेले. बिल्ला माझ्या खिशातच राहिला. आमच्याकडे संशयाला फार लांब जावं लागत नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीतला चहावालासुद्धा मला सांगत होता की म्हाताऱ्याने मुद्दाम केलं असणार.

पुढे मला बढती मिळाली. आता कॉलेजांतून मला बोलावतात आणि मी सांगतो, चार्जर इमारतीच्या सिस्टिमला कसे जोडायचे, क्रम कसा ठरवायचा, कडीचा बाण कसा तपासायचा. मुलं वहीत उतरवून घेतात. काकूंच्या गटाने उरलेले डबे नेले ते परत आणले नाहीत. शीतगृहाचं यंत्र विकून टाकलं आणि त्या खोलीत आता साहेबांचे बॅनर आणि सत्काराच्या खुर्च्या ठेवतात.

आठ-नऊ महिन्यांनी एका कॉलेजातून परतताना मी चाचांच्या घरी गेलो. का गेलो, नीट सांगता येणार नाही. सत्कारात मिळालेले हार-नारळ गाडीत ठेवून आत गेलो. चाचा ओट्यावर कूलरची मोटर पुढ्यात घेऊन तिच्यात तार भरत होते. मोठ्या कामाला आता कोणी बोलावत नाही, असं त्यांनीच सांगितलं, हवापाण्याचं बोलल्यासारखं.

"चाचा, त्या शनिवारचं..." मी सुरुवात केली.

"माहीत हाय," ते म्हणाले. हातातली तार थांबली नाही. "मी स्विचला हात लावला न्हवता. म्हंजे यादीनं बंद केलं. अन् यादी तुझ्याकडंच व्हती."

"मग तुमी बोलले कावून न्हाई?"

"तू व्हता की तिथं. मला वाटलं, आता बोलंल, आता बोलंल." त्यांनी तारेचा पुढचा वेढा घेतला. "काकू ऐकत व्हत्या ना. दुसऱ्याचं कोणाचं मला कायी न्हाई. त्यांना तरी कळायला पायजे व्हतं."

मी खाली बघत होतो. सांगतो म्हणायला तोंड उघडलं. उद्या नेकनूरला जातो, काकूंना सांगतो, एवढंच म्हणायचं होतं.

त्याआधी त्यांनीच विचारलं, "ते जाऊ दे. शीतगृह वर घेतलं का परत? साहेबांच्या चार्जरच्या वर?"

"घेतलं," मी म्हणालो. "कधीच बंद होत न्हाई आता."

चाचांनी तार खाली ठेवली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "शाबास," म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला शाबास म्हटलेलं मला आठवत नाही. मग दाराकडे तोंड करून आत चहा टाकायला सांगितला, आपला इंजिनियर आलाय म्हणून. मी थांबलो, चहा प्यायलो आणि निघालो. नेकनूरला अजून गेलेलो नाही.